यकृताच्या कर्करोगात प्रत्यारोपण: घरच्या माणसाचे यकृत घ्यावे की यादीत थांबावे?

सोलापुरात आमच्या शेजारी राहणारे काका तीस वर्षे यंत्रमागावर जॉबर म्हणून काम करत आले आहेत. गेल्या महिन्यात त्यांच्या पोटाच्या सीटी स्कॅनचा अहवाल आला आणि त्यात यकृताच्या उजव्या भागात ४.२ सेंटिमीटरची गाठ असल्याचे लिहिले होते. डॉक्टरांनी प्रत्यारोपणाचा विचार करायला सांगितले आणि त्याच संध्याकाळी घरात दोन तट पडले. धाकटा मुलगा म्हणाला, "माझे घ्या." त्याच्या आईने ऑगस्ट २०२५ मधली पुण्याची बातमी पुढे केली. पतीला यकृताचा भाग देणारी पत्नी आणि तो पती असे दोघेही शस्त्रक्रियेनंतर दगावल्याची ती बातमी होती. "एकाला वाचवताना दुसऱ्यालाही घालवायचे का? यादीत नाव घाला, मिळेल तेव्हा मिळेल," असे तिचे म्हणणे होते. यादी म्हणजे मृत्यूपश्चात दान झालेल्या यकृताची वाट पाहणाऱ्यांची यादी.

दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. मात्र यकृत एरवी निकामी झालेल्या रुग्णाच्या बाबतीत हा प्रश्न जसा सोडवतात, तसा कर्करोगाच्या रुग्णाच्या बाबतीत सोडवता येत नाही, कारण इथे थांबण्याचा अर्थच बदलतो. तो कसा बदलतो, हे नीट पाहण्यासाठी थोडे मुळापासून सुरू करावे लागेल.

कर्करोगावर प्रत्यारोपण कशासाठी?

यकृताचा कर्करोग म्हणताना दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. आतड्यात किंवा स्तनात सुरू झालेला कर्करोग यकृतात पसरतो, तो एक प्रकार आणि त्यावर सहसा प्रत्यारोपण करत नाहीत. यकृताच्या स्वतःच्या पेशींतून उगम पावणारा कर्करोग हा दुसरा प्रकार. हा लेख या दुसऱ्या प्रकाराविषयी आहे.

हा कर्करोग बहुतेक वेळा धडधाकट यकृतात उगवत नाही. हिपॅटायटिस बी किंवा सी, दारू, मधुमेह आणि लठ्ठपणाबरोबर येणारे फॅटी लिव्हर अशा कारणांनी यकृत वर्षानुवर्षे जखमी होत राहते, जखमेच्या जागी व्रण तयार होतात आणि अखेरीस ते टणक व गाठाळ बनते. या अवस्थेला सिरोसिस म्हणतात. (दमट जागी साठवलेल्या शेंगदाण्यांवरच्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विषही या कर्करोगाचे एक ज्ञात कारण आहे. शेंगाचटणीच्या गावात राहणाऱ्यांनी काळपट, खवट दाणे निवडून फेकण्याची आजीची सवय सोडू नये.) काकांनी आयुष्यात दारूला स्पर्श केलेला नाही, त्यांना वीस वर्षांचा मधुमेह आहे, आणि तरीही भेटायला येणारा प्रत्येक तिसरा माणूस "पीत होते का?" असे हळूच विचारून जातो. हे आता थांबायला हवे.

गाठ लहान असेल आणि उरलेले यकृत सशक्त असेल, तर गाठीचा भाग कापून काढणे किंवा सुईवाटे उष्णता देऊन ती जाळणे हे चांगले उपाय आहेत. सिरोसिस बळावलेल्या यकृताचा मोठा तुकडा कापला, तर उरलेला भाग काम रेटू शकत नाही. शिवाय ज्या जमिनीत ही गाठ उगवली, ती जमीन तशीच राहते आणि त्यात पुढे दुसरी गाठ उगवू शकते. प्रत्यारोपणात गाठ आणि आजारी यकृत ही दोन्ही एकदमच बाहेर जातात.

मग सगळ्यांचेच का करत नाहीत?

कारण कर्करोगाच्या पेशी यकृताबाहेर पडलेल्या असतील, तर नवे यकृत बसवूनही रोग उलटतो. प्रत्यारोपणानंतर शरीराने परका अवयव नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमससारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात, आणि पहारा ढिला पडलेल्या अशा शरीरात उरल्यासुरल्या पेशींचे फावते.

सुरुवातीच्या काळात अशी निवड काटेकोर नव्हती आणि निकाल निराशाजनक होते. १९९६ मध्ये इटलीतील मिलान शहरातल्या शल्यविशारदांनी ४८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकच गाठ असेल तर ती ५ सेंटिमीटरपर्यंत, एकाहून अधिक असतील तर जास्तीत जास्त तीन आणि प्रत्येक ३ सेंटिमीटरपर्यंत, मोठ्या रक्तवाहिनीत शिरकाव नाही आणि यकृताबाहेर प्रसार नाही, अशा अटी त्यांनी ठेवल्या होत्या. चार वर्षांनंतर त्यांतले ७५ टक्के रुग्ण हयात होते. या अटींना मिलान निकष म्हणतात आणि आजही चर्चा तिथूनच सुरू होते. पुढे काही केंद्रांनी त्या थोड्या सैल केल्या, तर काहींनी गाठीच्या आकाराबरोबर रक्तातील एएफपी या प्रथिनाची पातळीही पाहायला सुरुवात केली, कारण ती फार वाढलेली असेल तर गाठ आकाराने लहान असूनही आक्रमक असू शकते. काकांची ४.२ सेंटिमीटरची एकच गाठ या निकषांत बसते, पण काठापासून फार आत नाही.

नळाचे पाणी आणि घरातला पिंप

नवे यकृत दोन मार्गांनी मिळते. पहिला मार्ग मेंदू मृत झालेल्या, म्हणजे बोलीभाषेत ब्रेन डेड, व्यक्तीकडून. अपघात किंवा मेंदूतील रक्तस्रावानंतर मेंदूचे काम कायमचे थांबलेले असते आणि हृदय केवळ व्हेंटिलेटरच्या आधारावर चालू असते. चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून तसे प्रमाणित करते आणि कुटुंबाने संमती दिली तरच अवयव काढले जातात. या मार्गाने सहसा संपूर्ण यकृत मिळते.

दुसरा मार्ग जिवंत दात्याचा. यकृत हा पुन्हा वाढणारा अवयव आहे. त्याचा मोठा भाग काढला, तरी उरलेला भाग काही आठवड्यांत फुगू लागतो आणि काही महिन्यांत मूळच्या आकारमानाजवळ पोहोचतो. कापलेला भाग जसाच्या तसा पुन्हा फुटत नाही, तर राहिलेला भागच मोठा होतो. जगातले पहिले यकृत प्रत्यारोपण अमेरिकेतील थॉमस स्टार्झल यांनी १९६३ मध्ये केले, तर जिवंत दात्याकडून पहिले यशस्वी प्रत्यारोपण व्हायला १९८९ उजाडले. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे आईच्या यकृताचा भाग तिच्या मुलाला बसवण्यात आला.

सोलापूरकराला यातला फरक समजावायला पाण्याइतके सोपे उदाहरण नाही. मृत्यूपश्चात दात्याचे यकृत हे नळाच्या पाण्यासारखे आहे. ते सगळ्या शहराचे असते, वाटपाचे नियम असतात आणि कधी येईल ते आपल्या हातात नसते. जिवंत दात्याचे यकृत हे आपल्याच घरातल्या पिंपातले पाणी आहे. हवे तेव्हा काढता येते, पण जितके काढू तितका घरातलाच साठा उतरतो. भारतात २०२३ मध्ये मृत्यूपश्चात अवयव देणारे सारे मिळून १,०९९ होते, म्हणजे दहा लाख लोकसंख्येमागे एकही नाही. त्यामुळे देशातील दर पाच यकृत प्रत्यारोपणांपैकी सुमारे चार जिवंत दात्यांमुळे होतात. अमेरिका-युरोपात नेमके उलटे चित्र आहे, म्हणून तिकडचे आकडे वाचून इकडचे निर्णय घेताना जपून राहावे.

थांबलो तर काय बिघडते?

यादीत कोण अधिक निकडीचा, हे ठरवायला जगात बऱ्याच ठिकाणी मेल्ड नावाचा गुणांक वापरतात. तो बिलिरुबिन, क्रिएटिनिन, रक्त गोठण्याचा वेग आणि पुढे जोडलेले सोडियम यांवरून काढतात. सहापासून चाळीसपर्यंत गुण असतात आणि गुण जितके जास्त, तितका रुग्ण गंभीर. या चारही चाचण्यांत गाठ कुठेच मोजली जात नाही, ही त्यातली गोम आहे. काकांची कावीळ नाममात्र आहे, मूत्रपिंडे ठीक आहेत, त्यामुळे गुणांच्या हिशेबाने ते बऱ्यापैकी ठणठणीत ठरतात, आणि गाठ मात्र आपल्या गतीने वाढत असते. म्हणून अनेक देशांत कर्करोगाच्या रुग्णांना वाढीव गुण देण्याची सोय केलेली आहे.

साधा सिरोसिसचा रुग्ण थांबतो तेव्हा त्याची प्रकृती ढासळते आणि यादीत तो वर सरकतो. कर्करोगाचा रुग्ण थांबतो तेव्हा गाठ निकषांबाहेर गेल्यास त्याचे नावच यादीतून वगळले जाऊ शकते.

थांबण्याच्या काळात गाठीला आवर घालण्यासाठी उपचार करतात. जांघेतील किंवा हातातील रक्तवाहिनीतून बारीक नळी सारत यकृतापर्यंत नेऊन गाठीचा रक्तपुरवठा तोडणे आणि तिथेच औषध सोडणे, हा त्यातला प्रचलित उपाय आहे. त्याला टेस म्हणतात. निकषांबाहेर गेलेली गाठ अशा उपचारांनी आक्रसून पुन्हा निकषांत येऊ शकते.

जिवंत दात्याचे यकृत घेतले की कर्करोग लवकर उलटतो, हे खरे का?

ही शंका ऐकीव नाही. जिवंत दात्याकडून यकृत घेतलेल्या रुग्णांत कर्करोग उलटण्याचे प्रमाण जास्त असल्याचे काही सुरुवातीच्या अभ्यासांत खरोखरच दिसले होते. यकृताचा अर्धामुर्धा तुकडा झपाट्याने वाढत असताना शरीरात जी वाढीची रसायने सुटतात, ती कर्करोगाच्या पेशींनाही खतपाणी घालत असतील, असा एक तर्क मांडला गेला. या शस्त्रक्रियेत रुग्णाची मोठी शीर जागच्या जागी ठेवावी लागते, त्यामुळे गाठीभोवतीचा भाग तितका मोकळ्या हाताने काढता येत नाही, असा दुसरा. हे दोन्ही तर्क पुरते निकालात निघालेले नाहीत. परंतु सर्वांत पटणारे स्पष्टीकरण वेगळे आहे आणि ते आपल्याकडच्या रब्बी ज्वारीच्या शेतकऱ्याला चटकन कळेल.

पेरणीआधीच्या पावसात तण उगवू द्यायचे, कुळवाने ते मारायचे आणि मगच ज्वारी पेरायची, ही आपली पद्धत आहे. घाईने कोरड्यात पेरले, तर रान वरून स्वच्छ दिसते, पण मातीतले तणाचे बी पुढे पिकाबरोबर वर येते. मृत दात्याच्या यादीत सहा महिने थांबलेल्या रुग्णांपैकी ज्यांचा कर्करोग मुळातच आक्रमक होता, ते या काळात निकषांबाहेर जाऊन गळतात आणि शस्त्रक्रियेपर्यंत सौम्य कर्करोगाचे रुग्णच पोहोचतात. जिवंत दाता हाताशी असल्याने पंधरा-वीस दिवसांत शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत आक्रमक आणि सौम्य अशी दोन्ही बियाणी मिसळलेली असतात. मग त्यांच्यात रोग जास्त वेळा उलटला, तर त्याचा दोष यकृताच्या तुकड्याकडे जात नाही.

यावर तोडगा म्हणून अनेक केंद्रे जिवंत दाता तयार असतानाही घाई करत नाहीत. आधी गाठीवर उपचार करून काही आठवडे ते काही महिने तिची वागणूक पाहतात. या काळात एएफपी उतरली आणि नवी गाठ दिसली नाही, की मगच तारीख ठरते. नातेवाइकांना हा वेळकाढूपणा वाटतो, पण तो उपचाराचाच भाग आहे.

हिशेब नेमका कोणत्या दिवसापासून मांडायचा?

माझ्या मते सगळ्या तुलनेची मेख इथे आहे. शस्त्रक्रियेच्या दिवसापासून मोजले, तर दोन्ही प्रकारांचे निकाल साधारण सारखे येतात किंवा मृत दात्याचे यकृत थोडे उजवे दिसते. पण यादीत असताना जे गळाले, ते या मोजणीत येतच नाहीत. दहावीचा निकाल लावताना वर्षाच्या मध्यात शाळा सोडलेल्या मुलांना वगळून टक्केवारी काढावी, तसा हा प्रकार होतो.

रुग्णाला विचारायचे असते ते असे की, आज माझ्या हातात अहवाल आला आहे, तर आजपासून पाच वर्षांनी मी हयात असण्याची शक्यता कोणत्या मार्गाने अधिक? या पद्धतीने यादीत नाव घातल्याच्या दिवसापासून मोजणारे अभ्यास अलीकडे झाले. तीन हजारांहून अधिक रुग्णांचा बहुराष्ट्रीय अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात जिवंत दात्याचा मार्ग उपलब्ध असलेल्यांमध्ये एकूण मृत्यूचा धोका एक तृतीयांश ते निम्म्याने कमी आढळला. हा फायदा मुख्यतः वाट पाहणे टळल्याचा आहे. त्यामुळे जिथे मृत दात्याचे यकृत चटकन मिळते तिथे तो घटतो आणि आपल्यासारख्या ठिकाणी वाढतो.

फायद्याबरोबर तोट्याची बाजूही मोजायला हवी. तुकडा जोडताना पित्तनलिका आणि रक्तवाहिन्या बारीक असतात, त्यामुळे पित्त गळणे किंवा नलिका आखडणे असे त्रास जिवंत दात्याच्या प्रत्यारोपणात जास्त होतात आणि त्यासाठी रुग्णाला पुन्हा पुन्हा रुग्णालयात यावे लागू शकते.

देणाऱ्याचे काय?

इथे ग्रॅममध्ये बोलावे लागते. रुग्णाच्या वजनाच्या किमान ०.८ टक्के इतका तुकडा मिळावा, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. काकांचे वजन ६८ किलो, म्हणजे त्यांना निदान ५४४ ग्रॅम हवे. धाकट्या मुलाच्या यकृताचे वजन सीटी स्कॅनवरून सुमारे १,३५० ग्रॅम निघाले. त्यात डावा भाग ५१० ग्रॅमच्या आसपास आहे. तो काढणे मुलासाठी अधिक सुरक्षित, पण वडिलांना अपुरा. उजवा भाग ८४० ग्रॅमचा, वडिलांना भरपूर. तो दिला तर मुलाकडे जेमतेम ३८ टक्के यकृत उरते. दात्याकडे निदान ३० ते ३५ टक्के राहायला हवे, या अटीत ते बसते, पण त्या कागदावर आणखी एक ओळ होती: यकृतात अंदाजे २० टक्के चरबी. चरबीयुक्त यकृताचे वजन फसवे असते आणि दात्याला उरलेल्या भागावर भागवायचे असल्याने डॉक्टरांनी तूर्तास नकार दिला. तीन महिन्यांत आठ किलो वजन उतरवून पुन्हा तपासू, असे सांगितले.

उजवा भाग देणाऱ्यांत मृत्यूचा धोका साधारण हजारी दोन ते पाच इतका मानला जातो, डाव्या भागासाठी त्याहून कमी. याशिवाय पित्त गळणे, संसर्ग, व्रणाचा हर्निया असे त्रास बऱ्याच दात्यांना होतात, आणि त्यांतले बहुतेक उपचारांनी बरे होतात. हजारी दोन-पाच हा आकडा छोटा आहे, पण तो एका निरोगी माणसाच्या वाट्याला येतो, ज्याला स्वतःला कोणताही आजार नव्हता. काकूंची भीती भाबडी म्हणून उडवून लावता येत नाही, ती याच कारणाने. दाता साधारण आठवडाभर रुग्णालयात राहतो, हलक्या कामाला सहा ते आठ आठवडे आणि जड उचलण्याला तीनेक महिने लागतात. बाप रुग्ण आणि मुलगा दाता असेल, तर घरातले दोन्ही पगार एकाच वेळी थांबतात. खासगी रुग्णालयातला खर्च वीस लाखांच्या आसपास किंवा वर जातो, त्या हिशेबात हे बुडालेले पगार सहसा कोणी धरत नाही.

आणखी एक प्रश्न यातून उभा राहतो. मृत दात्याचे यकृत समाजाचे असते, म्हणून ते निकषांत बसणाऱ्यालाच देणे योग्य ठरते. मुलगा मात्र आपले यकृत आपल्याच वडिलांना देतो, कोणाच्या वाटणीचे घेत नाही, मग गाठ ७ सेंटिमीटरची असली तरी त्याला अडवावे का? आशियातील अनेक केंद्रे अशा वेळी निकष थोडे ताणतात. मला स्वतःला इथे सावध राहावेसे वाटते, कारण रोग उलटण्याची शक्यता जितकी वाढते, तितका दात्याने पत्करलेला धोका वाया जाण्याचा संभवही वाढतो. "आमची तयारी आहे" हे नातेवाइकांचे वाक्य खरे असले, तरी ते बहुधा आकडे ऐकण्याच्या आधी म्हटलेले असते.

"सून द्यायला तयार आहे" असे चालते का?

मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा असून २०११ मध्ये त्यात सुधारणा झाली. पती-पत्नी, आई-वडील, मुले, भावंडे, आजी-आजोबा आणि नातवंडे हे जवळचे नातेवाईक ठरतात. सून, जावई, मेहुणा, चुलतभाऊ यांना प्राधिकार समितीपुढे जाऊन हा निर्णय स्वेच्छेचा आणि बिनपैशाचा असल्याचे पटवून द्यावे लागते. ही समिती म्हणजे निव्वळ कटकट नाही. आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत स्त्रिया बहुसंख्य आणि घेणाऱ्यांत पुरुष बहुसंख्य आहेत, आणि घरातल्या सुनेला "नाही" म्हणण्याची खरोखर मोकळीक होती का, हे बंद दाराआड कोणीतरी विचारलेच पाहिजे. रक्तगट जुळत नसेल, तर तशाच अडचणीतल्या दुसऱ्या कुटुंबाशी दात्यांची अदलाबदल करण्याची सोयही कायद्यात आहे.

मग सोलापुरातून यादीत नाव घालून काय उपयोग?

उपयोग आहे, आणि जिवंत दाता ठरलेला असला तरी आहे. दात्याच्या तपासण्या ऐन वेळी अडकू शकतात, जसे काकांच्या घरी झाले. शिवाय बसवलेला तुकडा पहिल्या काही दिवसांत चाललाच नाही, तर तातडीने दुसरे यकृत लागते आणि ते तेव्हा बहुधा मृत दात्याचेच असावे लागते. यादीतले नाव म्हणजे पिंप भरलेला असतानाही नळाची तोटी उघडी ठेवणे.

सोलापूर जिल्हा पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या कक्षेत येतो. नाव मात्र प्रत्यारोपण करणाऱ्या मान्यताप्राप्त रुग्णालयामार्फत नोंदवले जाते. बर्फात ठेवलेले यकृत साधारण आठ ते बारा तासांत बसवावे लागते. मध्यरात्री फोन आला तर पुणे अडीचशे किलोमीटर दूर आहे, म्हणून गाडी, पैसे, सोबत येणारे दोघे आणि फाईल आधीच ठरवून ठेवावी लागते. हाच रस्ता उलट अर्थानेही कामाचा आहे. सोलापुरातल्या ब्रेन डेड रुग्णाच्या घरच्यांनी संमती दिली, तर ते यकृत ग्रीन कॉरिडॉरने चार तासांच्या आत पुण्यात पोहोचू शकते.

शेवटी दोन्ही तटांचे म्हणणे काकांच्या फाईलमध्ये शेजारी शेजारी आले आहे. पुण्यात यादीत नाव घातले आहे, टेसची पहिली फेरी झाली आहे, आणि तीन महिन्यांनी सीटी, एएफपी आणि मुलाच्या यकृतातली चरबी ही तिन्ही एकाच आठवड्यात तपासली जाणार आहेत. धाकटा पहाटे पार्क मैदानावर पळायला जातो आणि काकूंनी त्याच्या ताटातली तिसरी भाकरी बंद केली आहे. मुलाने द्यावे याला त्यांचा होकार अजून आलेला नाही.